बीसीजी: एका लशीचा इतिहास आणि पेशींची स्मृती

क्षयरोगावरील बीसीजी ही लस फ्रान्समधील लील शहरात १९०८ ते १९२१ या काळात तयार झाली. वापरात असलेल्या सर्वांत जुन्या लशींपैकी ती एक. जगात दरवर्षी दहा कोटींहून अधिक अर्भकांना ती टोचली जाते आणि भारतात बहुतेकांच्या डाव्या दंडावर तिचा वण असतो. इतकी रूढ झालेली आणि तरीही इतकी वादात राहिलेली लस दुसरी सापडणे कठीण. वादाचा एक विषय उघड आहे: ती क्षयापासून किती वाचवते? दुसरा प्रश्न मात्र विचारला गेल्यावर अनेक दशके बाजूला पडून राहिला. क्षयाशी ज्यांचा काही संबंध नाही अशा रोगांनाही ही लस अडवते का, हा तो प्रश्न. त्याच्या उत्तराची वाट शेवटी सापडली ती रक्तपेशींच्या केंद्रकात, जनुकांवर बसणाऱ्या रासायनिक खुणांमध्ये.

रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू सापडल्याचे जाहीर केले, तेव्हा युरोपच्या औद्योगिक शहरांत क्षय घरोघर होता. लील हे कापडगिरण्यांचे शहर त्याला अपवाद नव्हते. तेथील पाश्चर संस्थेचे संचालकपद १८९५ मध्ये आल्बेर काल्मेत यांच्याकडे आले. हे मूळचे नौदलातील डॉक्टर. सायगावची पाश्चर संस्था त्यांनी उभी केली होती आणि सर्पदंशावरील प्रतिविषाच्या कामामुळे त्यांचे नाव झाले होते. १८९७ मध्ये कामी गेरँ हे पशुवैद्य त्यांच्या हाताखाली आले. पुढचे काम या दोघांच्या जोडीचे.

त्यांनी सुरुवात केली ती गुरांच्या क्षयाच्या जंतूपासून. एका आजारी गायीच्या दुधातून वेगळा काढलेला हा वाण रोगकारक होता. प्रयोगशाळेत अडचण अशी येई, की जंतू वाढताना एकमेकांना चिकटून त्यांच्या गुठळ्या होत. त्या मोडाव्यात म्हणून त्यांनी बैलाचे पित्त वापरले. ग्लिसरीन आणि पित्तात शिजवलेल्या बटाट्याच्या फोडीवर जंतू वाढवायचे आणि दर तीन आठवड्यांनी त्यांतले थोडे नव्या फोडीवर न्यायचे, असा क्रम १९०८ पासून चालू झाला. गुठळ्यांचा प्रश्न सुटलाच, पण त्याहून मोठी गोष्ट पुढे दिसली: पिढ्यांमागून पिढ्या जाताना जंतूंची मारकता उतरत गेली. १९१४ च्या ऑक्टोबरात जर्मन सैन्याने लील ताब्यात घेतले. बटाटे महागले, खाटिकखान्यातून पित्त मिळवणे जिकिरीचे झाले, तरीही साखळी तुटू दिली नाही. तेरा वर्षांत सुमारे २३० वेळा फोड बदलल्यावर जो वाण हाती राहिला, त्याने गिनीपिग, ससे, गुरे यांपैकी कशालाच क्षय होईना. त्या वाणाला दोघांची नावे मिळाली: बॅसिल काल्मेत-गेरँ, म्हणजेच बीसीजी.

या तेरा वर्षांत जंतूच्या आत नेमके काय घडले हे दोघांना कळणे शक्य नव्हते. १९९० च्या दशकात जनुकसंच तपासल्यावर उलगडा झाला. क्षयजंतूला शरीरातील पेशी फोडायला मदत करणाऱ्या जनुकांचा एक तुकडा, ज्याला आता आरडी-१ म्हणतात, बीसीजीच्या सर्व वाणांतून गळून पडलेला आहे. मूळ संवर्धन मात्र आज कोठेही शिल्लक नाही. गोठवून सुकवण्याची पद्धत रूढ होण्याआधीच, १९२० च्या दशकापासून, लीलचा वाण देशोदेशी पाठवला गेला आणि प्रत्येक प्रयोगशाळेत तो स्वतंत्रपणे बदलत राहिला. पॅरिस, कोपनहेगन, टोकियो, मॉस्को अशी त्याची घराणी तयार झाली. सगळ्यांवर चिठ्ठी बीसीजी हीच असली, तरी आत असतात ती एकमेकांची चुलत भावंडे. पुढच्या साऱ्या गोंधळाचे एक मूळ येथे आहे.

माणसाला पहिली लस दिली गेली जुलै १९२१ मध्ये, पॅरिसच्या शारिते रुग्णालयात. बाळाची आई बाळंतपणानंतर लगेच क्षयाने गेली होती आणि सांभाळणारी आजीही क्षयरोगी होती. बेंजामँ वेय-आले आणि रेमों त्युर्पँ या डॉक्टरांनी लस तोंडावाटे पाजली. टोचण्याची पद्धत नंतर आली. बाळ सुखरूप राहिले. १९२४ पासून लशीचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू झाले आणि चार वर्षांत फ्रान्समध्ये लाखाहून अधिक अर्भकांना ती देण्यात आली.

१९३० साली जर्मनीतील ल्युबेक शहरात लशीचे नाव काळवंडले. तेथे सुमारे अडीचशे अर्भकांना पाजलेल्या लशीत तेथीलच प्रयोगशाळेतला रोगकारक क्षयजंतू मिसळला गेला होता. सत्तरहून अधिक बाळे दगावली. खटल्यात लस निर्दोष ठरली आणि जबाबदार डॉक्टरांना शिक्षा झाली. काल्मेत १९३३ मध्ये वारले. अखेरची वर्षे त्यांना या प्रकरणाच्या सावलीत काढावी लागली.

ल्युबेकच्या गदारोळात एक दुसरी नोंद जवळजवळ कोणाच्या नजरेस पडली नाही. स्वीडनच्या अगदी उत्तरेकडील नॉर्बोटन प्रांतात कार्ल नेस्लुंड हे डॉक्टर १९२७ पासून नवजात बाळांना बीसीजी देत होते. चार-पाच वर्षांच्या नोंदी ताडून पाहता त्यांना दिसले, की लस घेतलेल्या बाळांचा मृत्युदर न घेतलेल्यांच्या जवळजवळ एक-तृतीयांश आहे. क्षयाने मरणारी बाळे वजा करूनही एवढा फरक भरून निघत नव्हता. बीसीजीमुळे एक प्रकारची सर्वसाधारण प्रतिकारशक्ती जागी होत असावी, असे अनुमान त्यांनी मांडले. काल्मेत यांनीही फ्रान्समधील आकड्यांवरून असेच काहीसे म्हटले होते.

दोघांवरही आक्षेप घेता येण्यासारखा होता. मुलाला लस द्यायला तयार होणारे कुटुंब बहुधा जास्त सुस्थितीत, जास्त काळजी घेणारे. त्यांची मुले एरवीही जगली असती. चिठ्ठ्या टाकून गट पाडण्याची चाचणीपद्धत तेव्हा रूढ झालेली नव्हती. आक्षेप खराच होता, पण नोंद विस्मृतीत जायला तेवढा एकच पुरेसा झाला असे नाही. त्या काळच्या शास्त्रात असल्या परिणामाला जागाच नव्हती. एका जंतूची लस त्या जंतूपासूनच वाचवते, हा लसशास्त्राचा पाया मानला जात होता.

भारतात बीसीजी आली ती स्वातंत्र्यानंतर लगेच. १९४८ मध्ये मद्रासजवळ गिंडी येथे लसनिर्मितीची सरकारी प्रयोगशाळा सुरू झाली आणि त्याच वर्षी मदनपल्ले येथे प्रायोगिक लसीकरणाला आरंभ झाला. तेथील क्षयरोग आरोग्यधामाचे प्रमुख पी. व्ही. बेंजामिन हे पुढे केंद्र सरकारचे क्षयरोगविषयक सल्लागार होते. १९५१ पासून देशभर मोहीम निघाली. पथके गावात येत, आधी ट्युबरक्युलिनची चाचणी घेत आणि ज्यांच्या हातावर गाठ उठत नसे त्यांना तीन दिवसांनी लस टोचत. विरोधही झाला. मद्रास राज्याचे मुख्यमंत्रीपद नुकतेच सोडलेले चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी १९५५ मध्ये बीसीजीविरुद्ध पुस्तिकाच काढली. सरकार लोकांवर प्रयोग करत आहे, हा त्यांचा मुख्य आक्षेप. मोहीम थांबली नाही, पण लस किती उपयोगी आहे हा प्रश्न या देशात तेव्हापासून जाहीरपणे विचारला जात राहिला.

त्याचे उत्तर शोधण्यासाठी १९६८ मध्ये तमिळनाडूतील चेंगलपट्टू जिल्ह्यात चाचणी सुरू झाली. सुमारे २ लाख ६० हजार लोक, दोन वाण, दोन मात्रा आणि तुलनेसाठी लस नसलेला गट. बीसीजीच्या सर्वांत मोठ्या चाचण्यांपैकी ही एक. ब्रिटनमध्ये १९५० पासून शाळा सोडणाऱ्या मुलांवर घेतलेल्या चाचणीत जवळजवळ ८० टक्के संरक्षण मिळाले होते. चेंगलपट्टूचा साडेसात वर्षांचा निकाल १९७९ मध्ये आला आणि प्रौढांच्या फुप्फुसाच्या क्षयापासून संरक्षण शून्य निघाले. पंधरा वर्षांच्या पाठपुराव्यानेही चित्र बदलले नाही. उष्ण प्रदेशातील माती-पाण्यातले क्षयजंतूचे निरुपद्रवी नातलग लोकांच्या शरीराशी आधीच ओळख करून बसतात, त्यामुळे लशीला काम उरत नाही, असे एक स्पष्टीकरण दिले जाते. लस तरीही चालू राहिली, कारण बालकांमधील मेंदूच्या आवरणाचा क्षय आणि सर्वांगात पसरणारा क्षय ती बऱ्यापैकी रोखते. याबद्दल मतभेद फारसे नाहीत.

क्षयाबाबतचा हिशोब असा अर्धवट राहिला असताना प्रयोगशाळेत बीसीजी वेगळ्याच कामांना लागली होती. १९५९ मध्ये न्यूयॉर्कमधील संशोधकांना दिसले, की बीसीजी दिलेल्या उंदरांत काही गाठी नीट वाढत नाहीत. १९७६ मध्ये कॅनडातील आल्वारो मोरालेस यांनी मूत्राशयाच्या कर्करोगात ती थेट मूत्राशयात सोडून गुण आल्याचे प्रसिद्ध केले; त्या रोगाच्या वरवरच्या अवस्थेत आजही जगभर हाच उपचार केला जातो. बीसीजी दिलेले उंदीर क्षयाशी संबंध नसलेल्या जंतूंनाही तोंड देतात, हेही अनेकदा दिसले. १९९२ मध्ये हॉलंडमधील लायडेनच्या गटाने टी पेशी नसलेल्या उंदरांवर बीसीजीचा प्रयोग केला, तरी ते कॅन्डिडा या बुरशीपासून वाचले.

हा शेवटचा तपशील अवघड जागी बोट ठेवणारा होता. मॅकफार्लेन बर्नेट यांनी १९५७ मध्ये मांडलेल्या सिद्धांतानुसार रोगाची आठवण ठेवण्याचे काम लसिका पेशींचे, म्हणजे टी आणि बी पेशींचे. प्रत्येक पेशीवर एकच ठरावीक ग्राही असतो, शत्रू भेटला की ती पेशी बहुगुणित होते आणि तिची काही संतती वर्षानुवर्षे टिकते. मोनोसाइट, मॅक्रोफेज, न्यूट्रोफिल या जन्मजात प्रतिकाराच्या पेशी त्यामानाने अडाणी समजल्या जात. त्या प्रत्येक वेळी नव्याने लढतात आणि मागचे काही लक्षात ठेवत नाहीत, असे पाठ्यपुस्तके सांगत. शिवाय रक्तातली मोनोसाइट पेशी जगते अवघे काही दिवस. आठवण असली तरी ती राहणार कोठे?

उत्तराचा एक भाग जनुकशास्त्राच्या दुसऱ्या एका शाखेत तयार होत होता. कॉनरॅड वॅडिंग्टन यांनी १९४२ मध्ये एपिजेनेटिक्स ही संज्ञा रूढ केली. यकृताच्या पेशीत आणि मोनोसाइटमध्ये डीएनए तोच असताना त्या वेगळ्या का वागतात, हा प्रश्न तिच्या मुळाशी आहे. डीएनएचा धागा हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या गुंडाळ्यांवर गुंडाळलेला असतो आणि या गुंडाळ्या कोठे आवळून, कोठे सैल बसलेल्या असतात. पेशवे दफ्तरात कागद सगळे असतात, पण जो रुमाल सोडलेला असेल त्यातलेच कारकुनाला वाचता येतात, पेशीचेही तसेच. व्हिन्सेंट ऑल्फ्री यांनी १९६४ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत दाखवले, की हिस्टोनवर असेटाइल गट बसले की जनुकांचे काम वाढते. रॉबिन हॉलिडे आणि आर्थर रिग्ज यांनी १९७५ मध्ये स्वतंत्रपणे सुचवले, की डीएनएवरील मिथाइल खुणा पेशीविभाजनानंतरही वारशाने टिकू शकतील. १९९६ मध्ये डेव्हिड ॲलिस यांच्या गटाने हिस्टोनवर असेटाइल गट बसवणारे विकर आणि जनुक चालू करणारे प्रथिन एकच असू शकते हे दाखवले, आणि तोवर कोपऱ्यात असलेला हा विषय मुख्य रस्त्यावर आला.

प्रतिकारशक्तीच्या बाबतीत याचा पहिला ठसठशीत पुरावा २००७ मध्ये येल विद्यापीठात रुस्लान मेद्झितोव्ह यांच्या गटाने दिला. जिवाणूंच्या आवरणातील विषाने मॅक्रोफेज पेशींना एकदा चेतवले आणि पुन्हा तेच विष दिले, तर दाह माजवणारी जनुके दुसऱ्या वेळी गप्प राहतात, पण जंतू मारणारी जनुके आणखी वेगाने चालू होतात. फरक पडतो तो त्या-त्या जनुकाजवळच्या हिस्टोनवरील खुणांमुळे. जन्मजात प्रतिकाराच्या पेशी मागचे विसरतात, या समजुतीला येथे तडा गेला.

दरम्यान नेस्लुंड यांचा प्रश्न पश्चिम आफ्रिकेत परत उभा राहिला होता. डॅनिश मानववंशशास्त्रज्ञ पीटर आबी १९७८ मध्ये गिनी-बिसाऊला गेले आणि बांदिम वस्तीतील घरांची जन्म-मृत्यूची नोंद ठेवू लागले. २००० साली त्यांनी व सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या आकड्यांत बीसीजी घेतलेल्या मुलांचे मृत्यू स्पष्टपणे कमी होते. पुन्हा तोच जुना आक्षेप आला. या वेळी मात्र त्याला उत्तर देण्याची सोय होती: कमी वजनाच्या बाळांना त्या देशात बीसीजी उशिरा देण्याची रीत होती, त्यामुळे चिठ्ठ्या टाकून निम्म्या बाळांना ती जन्मताच देता आली. २०११ मध्ये आलेल्या निकालात पहिल्या महिन्यातील मृत्यू सुमारे ४५ टक्क्यांनी कमी निघाले. वर्षभराच्या मृत्युदरातील फरक मात्र संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही.

त्याच वर्षी हॉलंडमधील नायमेगन येथील मिहाई नेतेआ आणि सहकाऱ्यांनी जन्मजात पेशींच्या या आठवणीला ‘प्रशिक्षित प्रतिकारशक्ती’ असे नाव दिले. वनस्पती आणि कीटकांना लसिका पेशी नसतात, तरी एका संसर्गातून उठल्यावर ते पुढच्या संसर्गाला अधिक खंबीरपणे तोंड देतात, हा त्यांच्या युक्तिवादाचा एक आधार होता. २०१२ मध्ये प्रयोगाचा निकाल आला. निरोगी प्रौढ स्वयंसेवकांना बीसीजी टोचली आणि त्यांचे रक्त टोचण्याआधी, दोन आठवड्यांनी व तीन महिन्यांनी घेतले. रक्तातल्या पेशींपुढे क्षयजंतू ठेवला आणि तुलनेसाठी स्टॅफिलोकॉकस हा जिवाणू व कॅन्डिडा ही बुरशीही ठेवली. क्षयजंतूला मिळालेला प्रतिसाद वाढला, ते अपेक्षितच होते. पण जिवाणू आणि बुरशीपुढेही मोनोसाइट पेशींनी टीएनएफ आणि इंटरल्यूकिन-१ बीटा ही दाहकारक प्रथिने सुमारे दुप्पट सोडली, आणि तीन महिन्यांनंतरही सोडली.

कारण शोधताना त्या जनुकांच्या सुरुवातीच्या भागात एक विशिष्ट खूण वाढलेली आढळली. एच-३ हिस्टोनच्या चौथ्या जागेवरील लायसिनवर तीन मिथाइल गट बसले होते. चालू जनुकाची ही ओळखीची खूण. मिथाइल गट बसवणारी विकरे औषधाने रोखली की प्रशिक्षण होईना. बीसीजीच्या पेशीभित्तिकेचे तुकडे ओळखणारा नॉड-२ हा ग्राही ज्यांच्यात जन्मतः सदोष होता, त्यांच्या पेशीही प्रशिक्षित झाल्या नाहीत. लशीपासून ग्राहीपर्यंत, ग्राहीपासून हिस्टोनपर्यंत आणि हिस्टोनपासून जनुकापर्यंतची साखळी अशी हाती आली. पुढच्या काही वर्षांत तिच्यात आणखी एक कडी जोडली गेली: प्रशिक्षित पेशी साखर जाळण्याची पद्धत बदलते, त्यातून फ्युमरेटसारखी द्रव्ये साचतात आणि ती हिस्टोनवरील मिथाइल खुणा पुसणाऱ्या विकरांना अडवतात. खूण त्यामुळे टिकून राहते.

काही दिवसांत मरणाऱ्या पेशीत तीन महिन्यांची आठवण कशी, हे कोडे २०१८ मध्ये सुटू लागले. माँट्रियल येथील मॅझियार दिवांगाही यांच्या गटाने उंदरांच्या शिरेतून बीसीजी दिली. ती अस्थिमज्जेत पोहोचली आणि तेथील मूलपेशींचाच कल बदलला. त्यांच्यापासून निपजणारे मॅक्रोफेज जन्मतःच तयारीचे निघाले. त्वचेखाली दिलेल्या लशीने उंदरांत हे घडले नाही. माणसाला लस त्वचेतच टोचतात, त्यामुळे ही बाब डाचणारी होती. पण २०२० मध्ये नायमेगनच्या गटाने स्वयंसेवकांच्या अस्थिमज्जेचे नमुने तपासले तेव्हा, लस त्वचेत टोचूनही नव्वद दिवसांनंतर मूलपेशींतील जनुकांच्या कामात बदल दिसला.

एवढ्याने नेस्लुंड यांचे म्हणणे सिद्ध झाले असे मानणे घाईचे ठरेल. डेन्मार्कमध्ये चार हजारांहून अधिक नवजात बालकांवर घेतलेल्या, काल्मेत यांचेच नाव दिलेल्या चाचणीत रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण बीसीजीने कमी झाले नाही. पुद्दुचेरी आणि चेन्नई येथे दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळांवर रशियन वाण वापरून घेतलेल्या चाचण्यांतही पहिल्या महिन्यातील मृत्यू घटले नाहीत. गिनी-बिसाऊत वापरलेला वाण डॅनिश होता. कोविडच्या साथीत बीसीजीवर फार भिस्त ठेवली गेली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनेही बीसीजीपासून जनुकबदलाने घडवलेली व्हीपीएम-१००२ ही लस त्यासाठी चाचणीत उतरवली. ऑस्ट्रेलियातून सुरू झालेल्या आणि अनेक देशांतील सुमारे चार हजार आरोग्यसेवकांवर घेतलेल्या चाचणीचा निकाल २०२३ मध्ये आला, तेव्हा बीसीजीने कोविडचा धोका कमी केल्याचे दिसले नाही.

रेणूंच्या पातळीवरचा पुरावा भक्कम आणि माणसांवरचा निकाल डळमळीत, अशी ही स्थिती आहे. १९३० च्या दशकात आकडे होते पण कारण सापडत नव्हते. आता कारण हाती आहे आणि आकडे जागोजागी बदलतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या भूमिकापत्रात बीसीजीची शिफारस क्षय आणि कुष्ठरोग यांच्यासाठीच आहे, आणि उपलब्ध पुरावा पाहता तेच योग्य आहे. बीसीजीच्या सर्वसाधारण गुणांविषयी नवी बातमी वाचणाऱ्याने मथळ्याआधी तीन गोष्टी पाहाव्यात: वाण कोणता होता, लस कोणत्या वयात दिली आणि तुलनेचा गट चिठ्ठ्या टाकून पाडला होता का.